चेष्टा आणि कृती

मराठीत 'चेष्टा' हा शब्द आज थट्टा-मस्करी या अर्थाने रूढ आहे. शास्त्रग्रंथांत त्याचा अर्थ निराळा होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत शरीराची व्याख्या करताना चेष्टा, इंद्रिये आणि अर्थ यांचा जो आश्रय ते शरीर, असे प्रतिपादन केलेले आहे. भाष्यकार वात्स्यायनाने चेष्टेचा खुलासा केला आहे तो असा, की जे हवे ते मिळवण्याच्या आणि जे नको ते टाळण्याच्या इच्छेने प्रेरित झालेला प्रयत्न म्हणजे चेष्टा. वाऱ्याने पान हलते, उतारावरून दगड गडगडतो. तेथे गती आहे, चेष्टा नाही. माणूस तहान लागल्यावर हात पुढे करून तांब्या उचलतो, तेथे चेष्टा आहे. एकाच शब्दाच्या पोटी हेतुपूर्ण शारीरिक प्रयत्न आणि निर्हेतुक गंमत असे दोन अर्थ कालक्रमाने यावेत, ही भाषेतील एक योगायोगाची घटना होय. परंतु गेल्या काही दशकांत मानवाने एक असे साधन निर्माण केले आहे, की ज्यात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदतात. खेळणाऱ्याच्या शरीराची हालचाल टिपून तिच्या आधारे पडद्यावरील खेळ चालवणारी व्हिडिओ गेमची यंत्रे हे ते साधन. वरवर पाहता हा करमणुकीचा विषय आहे; पण कृती म्हणजे काय आणि तिचे उत्तरदायित्व कोठे सुरू होते, हा जुना प्रश्न त्याने नव्या रूपात उभा केला आहे.

पडद्यावरील खेळांचा आरंभ हालचालीच्या काटकसरीने झाला. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या भौतिकशास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा एक साधा खेळ पाहुण्यांसाठी मांडला. चेंडूचा कोन ठरवण्यासाठी एक फिरकी आणि तो टोलवण्यासाठी एक बटण, एवढीच खेळाडूची सामग्री होती. १९६२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत 'स्पेसवॉर' तयार झाला, १९७२ साली 'पाँग' बाजारात आला, आणि पुढे घराघरांत पोचलेल्या सर्व यंत्रांनी हीच रीत कायम ठेवली. अंगठा अर्धा सेंटिमीटर खाली जातो आणि पडद्यावरचा वीर दरी ओलांडतो. दाबणे आणि उडी मारणे यांत कोणतेही साम्य नाही. त्यांना जोडतो तो केवळ संकेत. अक्षर आणि ध्वनी यांच्यात जसा संकेताचा संबंध असतो, तसाच हा. एकदा अंगवळणी पडला, की खेळाडूला बटणाचा विसर पडतो आणि 'मी उडी मारली' असे तो सहज म्हणून जातो.

संकेताची ही मध्यस्थी दूर करून शरीरालाच थेट खेळात आणावे, ही आकांक्षाही जुनी आहे. १९८९ साली हातमोज्याच्या रूपातील 'पॉवर ग्लोव्ह' हे उपकरण आले, पण ते हातास नीट वश होईना. १९९८ च्या 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' मध्ये जपानी खेळघरांतील तरुण पावलांनी खेळू लागले. २००३ साली सोनी कंपनीच्या 'आयटॉय'ने कॅमेऱ्याचा उपयोग केला. खरा पालट झाला तो २००६ च्या नोव्हेंबरात, निन्टेन्डोच्या 'वी' या यंत्राने. त्याचा नियंत्रक दूरदर्शन संचाच्या रिमोटसारखा होता, आणि तो रॅकेटप्रमाणे, तलवारीप्रमाणे किंवा गोलंदाजीच्या चेंडूप्रमाणे फिरवला की पडद्यावर तसेच घडे. या यंत्राच्या १० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. ज्यांनी कधीही असे खेळ हातात धरले नव्हते, ते आजी-आजोबाही दिवाणखान्यात उभे राहून बोलिंग खेळू लागले. २०१० साली मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट'ने तर हातातील वस्तूही काढून घेतली. अवरक्त किरणांचा ठिपक्यांचा जाळीदार नमुना खोलीत टाकून ते यंत्र खेळाडूच्या शरीरातील वीस सांधे ओळखत असे. आता शरीर हेच नियंत्रक आहे, असा त्याचा दावा होता.

या दाव्यामागे एक तात्त्विक गृहीतक दडलेले आहे. बटण दाबणे ही कृत्रिम, दुय्यम कृती. हात फिरवणे ही नैसर्गिक, मूळ कृती. म्हणून हात फिरवून केलेले कर्म अधिक 'आपले' असते, असे ते गृहीतक. ते कितपत टिकते, हे पाहणे आवश्यक आहे.

विटगेन्स्टाइनने आपल्या उत्तरकालीन ग्रंथात एक प्रसिद्ध प्रश्न विचारला आहे. माणूस हात वर करतो. त्यातून हात वर गेला ही घटना वजा केली तर मागे काय उरते? 'वी'च्या नियंत्रकाकडे या दृष्टीने पाहिले असता एक मोठी गंमत दिसते. तो नियंत्रक या वजाबाकीच्या नेमक्या उलट बाजूला उभा आहे. त्याच्या पोटात एक सूक्ष्म त्वरणमापक बसवलेला असतो. तीन दिशांनी होणारे त्वरण तेवढे त्याला कळते. गुरुत्वाकर्षण आणि हाताचा हिसका यांतील भेदही त्याला स्वतःच्या बळावर करता येत नाही. हात कोणाचा, तो कोठून निघाला, त्यामागे इच्छा काय होती, यांपैकी काहीच त्यास ठाऊक नसते. माणसाच्या कृतीतून हेतू वजा करून जे उरते, तेवढेच यंत्राच्या वाट्यास येते.

खेळणाऱ्यांनी हे फार लवकर ओळखले. 'वी स्पोर्ट्स' हा खेळ बहुतेक देशांत यंत्रासोबतच मिळत असे. त्यातील टेनिसमध्ये पडद्यावरची आकृती आपली आपण धावते. खेळाडूच्या वाट्यास येतो तो केवळ फटका. फटक्याची दिशाही तो लवकर मारला की उशिरा, यावर ठरते. पहिल्या दिवशी माणसे मैदानावर उभी असल्यासारखी पाय रोवून, खांदा वळवून, पूर्ण हात फिरवीत. आठवड्याभरात तीच माणसे सोफ्यावर रेलून मनगटाचा एक हलका झटका देऊ लागली, आणि गुण तेवढेच मिळू लागले. ज्याला यंत्र दाद देत नाही तो प्रयत्न शरीर सोडून देते. अशा रीतीने चेष्टेची पुन्हा कळ झाली, फक्त ती आता हवेत दाबली जात होती.

या अनुभवास केवळ आळस म्हणून निकालात काढता येणार नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९३४ च्या एका व्याख्यानात असे दाखवून दिले होते, की चालणे, पोहणे, खोदणे या क्रिया वाटतात तितक्या नैसर्गिक नसतात. प्रत्येक समाज त्या शिकवतो. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैनिकांना फ्रेंच बनावटीच्या फावड्यांनी खोदता येईना, हे त्याचे उदाहरण सुपरिचित आहे. फावडे हातास काही शिकवते, कारण फावड्यास माती अडवते. टेनिसच्या खऱ्या रॅकेटला चेंडूचा धक्का बसतो, आणि तो धक्का मनगटाला, कोपराला, खांद्याला पुढच्या फटक्याविषयी सांगत असतो. मेर्लो-पाँतीने १९४५ साली अंध माणसाच्या काठीचे जे विवेचन केले, त्याचेही मर्म हेच होते. काठी हा स्पर्शाचा विस्तार ठरतो, कारण तिच्या टोकाशी जग असते. 'वी'च्या तलवारीच्या टोकाशी जग नाही. ती शत्रूच्या ढालीवर आपटली, तरी पडद्यावरची तलवार थांबते आणि खेळाडूचा हात मात्र हवेतून पुढे जातो. त्या क्षणी दोन हात वेगळे होतात. बटण दाबताना हा दुभंग जाणवत नाही, कारण बटणाने उडीशी साम्य असल्याचा आव कधी आणलेलाच नसतो. साम्य जितके वाढते तितकी उणीव अधिक ठळक होते, हा या यंत्रांचा पहिला धडा होय.

प्रतिकाराच्या या अभावाचे एक व्यावहारिक प्रत्यंतरही आले. आवेशाच्या भरात खेळाडूंच्या हातून नियंत्रक निसटून दूरदर्शन संचावर आदळू लागले, तेव्हा २००६ च्या डिसेंबरात निन्टेन्डोने मनगटास बांधावयाच्या सुमारे ३२ लाख दोऱ्या अधिक जाड दोऱ्यांनी बदलून देण्याचे जाहीर केले. खेळातील चेंडू कोणासही लागत नव्हता. हातातील वस्तू मात्र खरी होती.

येथून प्रश्न नैतिक क्षेत्रात शिरतो. पडद्यावरील खेळांत हत्या विपुल असते. बटण दाबून केलेली काल्पनिक हत्या आणि भोसकण्याची हालचाल हाताने प्रत्यक्ष करून केलेली काल्पनिक हत्या, यांत काही फरक आहे काय? २००७ साली हा प्रश्न काल्पनिक राहिला नाही. 'मॅनहंट २' या अतिहिंसक खेळाच्या 'वी'साठी केलेल्या आवृत्तीत खुनाच्या हालचाली खेळाडूने हातवारे करून पार पाडावयाच्या होत्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये ब्रिटनच्या चित्रपट-वर्गीकरण मंडळाने या खेळास प्रमाणपत्र नाकारले. अमेरिकेत तो काटछाट करून ऑक्टोबरमध्ये आला, ब्रिटनमध्ये अपिलांनंतर २००८ साली. पुढे २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यास बंदी करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. या बहुमताच्या निर्णयास निष्कर्षापुरती संमती देणाऱ्या न्यायमूर्ती अॅलिटो यांनी मात्र आपल्या स्वतंत्र मतपत्रात एक सावधगिरीची सूचना केली. नव्या खेळांत खेळाडू जी क्रिया पात्राकडून करवू इच्छितो तीच स्वतः करतो, बॅट फिरवून चेंडू मारावा तशी बॅट फिरवून कवटी फोडता येते. तेव्हा हे माध्यम पुस्तकासारखेच आहे असे घाईने मानू नये, असा त्यांचा आशय होता.

ही चिंता आधुनिक यंत्रांबरोबर जन्मास आली, असे समजण्याचे कारण नाही. जैन परंपरेत यशोधर राजाची कथा शतकानुशतके सांगितली गेली. सोमदेवाने ९५९ साली 'यशस्तिलक' चंपू पूर्ण केला, आणि त्याच शतकात पुष्पदंताने राष्ट्रकूटांच्या मान्यखेट येथे 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य रचले. दोहोंचा विषय ही कथा आहे. राणीच्या व्यभिचाराने व्यथित झालेला यशोधर आईस अशुभ स्वप्नाचे निमित्त सांगतो. देवीला पशुबळी द्यावा, असा आईचा आग्रह. राजा जीवहत्येस तयार होत नाही. अखेर तडजोड निघते, ती पिठाच्या कोंबड्याची. पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. एकही प्राणी मरत नाही. तरीही या कृत्याच्या फलस्वरूप मायलेकांना मोर, कुत्रा अशा अनेक पशुयोनींतून जन्म घ्यावे लागतात, आणि त्या जन्मांत ती स्वतः मारली जातात.

आजच्या वाचकास ही शिक्षा अतिरेकी वाटेल. पीठ कापल्याने कोणाचे काय गेले? परंतु कथाकारांचा रोख पिठाकडे नसून सुरी धरणाऱ्याकडे आहे. जैन विचारात द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद केला जातो; बाहेर जीव जाणे ही पहिली, अंतःकरणात हिंसेचा परिणाम उत्पन्न होणे ही दुसरी. यशोधराच्या हातून दुसरी घडली. मग या न्यायाने 'वी'चा नियंत्रक हवेत खुपसणारा प्रत्येक खेळाडू यशोधरच ठरतो काय?

असे म्हणणे कथेस आणि खेळास, दोहोंस अन्यायकारक होईल. यशोधर खेळत नव्हता. त्याला बळीचे फळ हवे होते. पिठाचा कोंबडा देवीने खऱ्या कोंबड्याऐवजी स्वीकारावा, अशी त्याची अपेक्षा होती. म्हणजे कृती खरी ठरावी आणि तिचा दोष मात्र खोटा ठरावा, असे त्याचे इच्छित होते. त्याचा अपराध जितका हिंसेचा, तितकाच या आत्मवंचनेचा आहे. खेळाडूची स्थिती वेगळी असते. खेळाच्या रिंगणात घडणाऱ्या गोष्टींचे फळ रिंगणाबाहेर नेण्याची त्याची इच्छा नसते; किंबहुना ते बाहेर जात नाही, हीच खेळाची अट असते. हायझिंगाने १९३८ साली खेळाचे जे तत्त्वज्ञान मांडले, त्याचा पाया ही मर्यादारेषाच आहे. रंगभूमीवरील नटही खड्ग उगारतो, आणि त्यास कोणी मारेकरी म्हणत नाही.

तथापि नटाचे उदाहरण येथे पूर्णपणे लागू पडत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक अभिनयाचे सूक्ष्म विवेचन आहे. पण त्याच ग्रंथात युद्ध, मरण, नगराचा वेढा यांसारख्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकांतून सुचवाव्यात, असाही दंडक आहे. शिवाय नटाची चेष्टा ही प्रेक्षकासाठी असते. ती त्याच्या अंगातून निघून दुसऱ्याच्या चित्तात रसरूपाने पोचते. खेळाडू हा एकाच वेळी नट आणि प्रेक्षक असतो. त्याची चेष्टा त्याच्यापाशीच परत येते. पुन्हापुन्हा केलेल्या चेष्टेचा संस्कार उरतो, हे भारतीय मानसशास्त्राने नेहमीच मानले आहे. म्हणून प्रश्न 'त्याने कोणास मारले काय?' हा नसून 'तो कशाचा सराव करीत आहे?' हा आहे.

सरावाचा विचार करू लागले, की परीनिरीक्षकांची नजर ज्या दिशेस लागली होती तिच्या विरुद्ध दिशेस एक दृश्य दिसते. भोसकण्याची हालचाल अधिक भयंकर वाटली, कारण ती खुनासारखी दिसते. पण प्रत्यक्ष जगात माणसे मारण्याची जी साधने वाढत गेली, ती हालचालीची काटकसर करणारी आहेत. २००१ पासून अमेरिकेने अफगाणिस्तानात आणि अन्यत्र शस्त्रसज्ज वैमानिकरहित विमाने वापरली; त्यांतील अनेकांचे संचालन हजारो मैलांवरील नेवाडातील तळावर, पडद्यासमोर बसून होत असे. २०१८ साली सेवेत दाखल झालेल्या 'कोलोरॅडो' या अमेरिकी पाणबुडीत पेरिस्कोपच्या जागी आलेला कॅमेऱ्यांचा स्तंभ फिरवण्यासाठी घरगुती खेळयंत्राचाच नियंत्रक बसवला आहे, कारण तरुण खलाशांचे हात त्यास आधीच सरावलेले असतात. खरे युद्ध आपल्या उपकरणांसाठी बटणांच्या नियंत्रकाकडे वळले. हातवाऱ्यांची त्यास गरज पडली नाही.

तेव्हा अंगभर केलेली चेष्टा ही हिंसेची तालीम आणि बटण दाबणे हे निरुपद्रवी, ही विभागणी टिकत नाही. उलटपक्षी असेही म्हणता येईल, की हात उगारावा लागणे हा माणसाला मिळणारा अखेरचा इशारा असतो. खांदा मागे जातो, श्वास रोखला जातो, आणि त्या अवकाशात थांबण्याची संधी असते. अंगठ्याच्या अर्ध्या सेंटिमीटरात तेवढा अवकाश नाही.

परंतु हा निष्कर्षही अपुराच ठरेल. दूरस्थ विमानांच्या चालकांपैकी काहींना मानसिक आघात झाल्याच्या नोंदी आहेत. त्यांचे हात जवळजवळ हललेच नव्हते. तासन् तास त्यांनी ज्यांना पडद्यावर वावरताना पाहिले, ती माणसे खरी आहेत हे त्यांना ठाऊक होते. कृतीचा भार चेष्टेच्या आकारमानावर अवलंबून नसतो; काय घडत आहे याच्या जाणिवेवर आणि ते घडावे या इच्छेवर तो अवलंबून असतो. वात्स्यायनाने चेष्टेच्या व्याख्येत हालचालीचे माप कोठेही दिलेले नाही. हवे-नकोपणाची प्रेरणा मात्र दिली आहे, ती उगाच नव्हे.

चेष्टेस नैसर्गिक मानण्याचा आणखी एक तोटा असा, की नैसर्गिक कोणाची, हा प्रश्न मग विचारलाच जात नाही. 'झेल्डा' या खेळमालिकेचा नायक लिंक हा परंपरेने डावखुरा. २००६ चा 'ट्वायलाइट प्रिन्सेस' हा खेळ 'वी'वर आणताना बहुसंख्य खेळाडू उजव्या हाताने नियंत्रक धरतील, हे लक्षात घेऊन निर्मात्यांनी नायकास उजखुरा केले. आणि त्यासाठी संपूर्ण जगच आरशातल्यासारखे उलटे केले. एका आवृत्तीत जी वस्ती पूर्वेस, ती दुसरीत पश्चिमेस गेली. बहुसंख्यांच्या उजव्या हातासाठी सूर्योदयाची दिशा बदलली. डावखुऱ्यांचे एवढेच गेले. ज्यांचे हातच उठत नाहीत, जे उभे राहू शकत नाहीत, त्यांना 'शरीर हेच नियंत्रक' या घोषणेने दाराबाहेरच ठेवले. बटणाच्या संकेतास अशी अट नव्हती. २०१८ साली मायक्रोसॉफ्टनेच अपंग खेळाडूंसाठी जो नियंत्रक काढला, त्यात दोन मोठ्या कळा आणि ज्यास जे जमेल ते उपकरण जोडण्यासाठी खोबणी आहेत: पायाने, हनुवटीने, फुंकरीने. २०११ साली केवळ हातवाऱ्यांवर आधारलेला 'स्कायवर्ड स्वोर्ड' २०२१ साली पुन्हा प्रकाशित झाला, तेव्हा त्यात बटणांनी खेळण्याचा पर्याय ठेवला गेला. फुंकरीने तलवार चालवणाऱ्याची कृती ही हात फिरवणाऱ्याच्या कृतीपेक्षा कमी 'आपली' आहे, असे कोण म्हणेल? इच्छा, जाणीव आणि परिणाम ही तिन्ही तेथे पूर्णपणे उपस्थित आहेत.

'वी'चे उत्पादन थांबून आता एक तप उलटले. 'किनेक्ट'ची निर्मिती २०१७ मध्ये बंद झाली. हातवाऱ्यांनी खेळण्याची रीत नष्ट झाली नाही, ती २०१६ नंतरच्या आभासी वास्तवाच्या शिरस्त्राणांत गेली, आणि तेथे साम्य पूर्वीपेक्षा अधिक आहे. उद्या प्रतिकाराचीही नक्कल होईल. ढालीवर आपटलेली तलवार हातालाही थांबवील. त्या दिवशी यंत्राची उणीव भरून निघेल, पण यशोधराचा प्रश्न त्याने सुटणार नाही. पिठाचा कोंबडा कितीही हुबेहूब केला, किंवा कितीही ओबडधोबड ठेवला, तरी तो कापणाऱ्याने स्वतःस एवढेच विचारावयाचे असते, की आपल्याला यातून काय हवे आहे. बटण दाबणाऱ्यासही हाच प्रश्न लागू आहे. त्याचे उत्तर देणारा मापक अद्याप कोणत्याही नियंत्रकाच्या पोटात बसवता आलेला नाही; ते उत्तर ज्याचे त्यालाच द्यावे लागते.